बोकडाच्या बरगड्या कोळशावर, सोबत काकवी-कोकमचा घरगुती बार्बेक्यू सॉस

बार्बेक्यू रिब्स म्हटलं की अमेरिकेतल्या त्या बीफच्या जाडजूड बरगड्या डोळ्यासमोर येतात, मंद धुरात सहा-आठ तास ठेवलेल्या, वरून चकचकीत लालसर-काळा सॉस. आपल्याकडे महाराष्ट्रात गाय आधीपासून आणि २०१५ पासून बैल-वळूसुद्धा बंद, म्हशीचं मिळतं, पण आमच्या घरात रविवारी येतं ते बोकडाचं मटण, मग मी तीच पद्धत बोकडाच्या सीना-चापेवर बसवायची ठरवली. तीन हिवाळे करून बघितलं आणि आता घरचे सगळे म्हणतात की रस्सा राहू दे, बरगड्याच कर. ठाण्यातल्या मित्रांना, नेरूळ-खारघरच्या बहिणींना फोनवर इतक्या वेळा सांगून झालंय की शेवटी सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मटण मंद आचेवर शिजतं आणि सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना वेगळी आच लागते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सॉस आधीच चोपडून बरगड्या सरळ निखाऱ्यावर टाकल्या, वीस मिनिटांत बाहेरून कोळसा झाला आणि आतलं मटण हाडाला घट्ट चिकटलेलं, दातांनी ओढून पण सुटेना. सॉसमध्ये साखर असते, काकवी असो की गूळ, ती १६०-१७० डिग्रीच्या पुढे झपाट्याने काळी पडते आणि कडू होते. आणि बरगडीभोवती जे पांढरे चिवट पडदे, शिरा असतात त्यात कोलॅजन असतं, ते साधारण ७० डिग्रीच्या वर गेलं की हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, पण त्याला वेळ लागतो, नुसती आच वाढवून ते काम होत नाही. पायाचं सूप फ्रीजमध्ये ठेवलं की थिजतं ना, ते हेच जिलेटिन. तेच बरगडीत झालं पाहिजे, मग मटण मऊ आणि ओलं लागतं.

खाटकाकडे काय मागायचं

चार-पाच जणांना दीड किलो पुरतं, सोबत भाकरी आणि काकडीची कोशिंबीर असेल तर. दुकानात गेल्यावर "सीना-चाप अख्खी पट्टी द्या भाऊ, तोडू नका" असं आधीच सांगायचं, म्हणजे वजन करायच्याही आधी, कारण त्यांचा हात सवयीने चालतो आणि बोलेपर्यंत रस्स्याचे तुकडे झालेले असतात. रविवारी सकाळी नऊनंतर लाइन असते, तेव्हा कोणी तुमच्यासाठी अख्खी पट्टी काढत बसणार नाही. मी शनिवारी सकाळी जाते किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवते. तसंही मटण रात्रभर मिठात ठेवायचंय, त्यामुळे शनिवारच बरा.

बोकडाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. पाठीच्या बाजूचा भाग म्हणजे चाप, तो नरम, आणि खाली छातीकडे येतो तो सीना, त्यात चरबी आणि मऊ हाडं जास्त. या कामाला दोन्ही मिळून एकत्र पट्टी हवी, कारण सीन्याची चरबी हळूहळू वितळते आणि चापेला कोरडी पडू देत नाही. पाठीच्या कण्याच्या हाडाला मात्र दोन-दोन बरगड्यांनंतर कोयत्याचा घाव घालून घ्या, पूर्ण तोडायचं नाही, म्हणजे नंतर सुरीने सहज सुटं करता येतं. बोकड लहान असावा, साधारण दहा-बारा किलोचा, चरबी पांढरी आणि मटण गुलाबी-लाल. चरबी पिवळट आणि हाडं खूप जाड दिसली तर ते मटण रस्स्याला घ्या, कुकरमध्ये मस्त लागेल, पण कोळशावर ते तुमचा अख्खा दिवस खाईल.

घरी आणल्यावर बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा दिसतो. तो काढायचाच. एका कोपऱ्यातून बोथट सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने हाडावरून सैल करायचा आणि मग सुती फडक्याने धरून ओढायचा, नुसत्या बोटांनी निसटतो. लहान बोकडाचा पडदा पातळ असतो, तुकड्या-तुकड्याने निघतो, चालतं. तो राहिला तर मसाला त्या बाजूने आत जात नाही आणि भाजल्यावर कागदासारखा तोंडात येतो.

मीठ आधी, मसाला नंतर

मॅरिनेशनबद्दल लोकांचा एक समज असतो की जितका जास्त मसाला तितका आत मुरणार. तसं होत नाही. मसाला, लसूण, तेल हे सगळं वरच्या काही मिलीमीटरमध्येच राहतं. खरं आत जातं ते मीठ, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मी दोन टप्प्यांत करते.

शनिवारी दुपारी पट्टी धुऊन, फडक्याने अगदी कोरडी करून दीड किलोला अठरा ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे साधारण तीन सपाट छोटे चमचे, आणि एक छोटा चमचा हळद दोन्ही बाजूंनी चोळायची. बस, दुसरं काही नाही. स्टीलच्या ताटात ठेवून, वर सैल झाकण घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात रात्रभर. खालचा कप्पा यासाठी की कच्च्या मटणाचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकू नये. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत शोषलं जातं, सकाळी बघाल तर पट्टी कोरडी आणि रंगाने थोडी गडद दिसते. ती तशीच हवी, कारण ओल्या मटणाला भाजताना वर रंग येत नाही, नुसती वाफ येते.

रविवारी दुपारी, भाजायच्या तीन तास आधी मसाला. आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, एक मोठा चमचा काश्मिरी तिखट, दोन छोटे चमचे आगरी मसाला, एक छोटा चमचा ताजी कुटलेली मिरी, एक छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल आणि एक मोठा चमचा कच्च्या पपईची सालासकट वाटलेली पेस्ट. आगरी मसाला मला शेजारच्या काकू देतात, उन्हाळ्यात कुटलेला, तुमच्याकडे कोळी मसाला किंवा घरचा कांदा-लसूण मसाला असेल तर तोच घ्या, फक्त त्यात मीठ असेल तर आदल्या दिवशीचं मीठ थोडं कमी करा. दही मी घालत नाही. दही तंदूरच्या जोरदार आचेला छान, पण दोन-अडीच तास मंद आचेवर त्याचे पांढरे कण होतात आणि वरचा थर चिकट होतो.

पपईबद्दल जरा सावध राहा. कच्च्या पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं ते मांसाचे धागेच तोडतं, आणि गरम होताना आणखी जोरात काम करतं, खूप तापल्यावरच थांबतं. एका वर्षी मी मोठे तीन चमचे घालून रात्रभर ठेवलं, सकाळी वरचं मटण बोट लावलं की पिठासारखं सुटत होतं आणि भाजल्यावर तोंडात रव्यासारखं लागलं. दीड किलोला एक चमचा आणि तीन तास, त्याच्या पुढे नाही. पपई मिळाली नाही तर सोडून द्या, मंद आच ते काम करतेच, फक्त पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील.

मसाला लावल्यावर पुन्हा फ्रीजमध्येच. आपल्याकडे हवा गरम आणि दमट, ओट्यावर तीन तास मटण ठेवणं बरोबर नाही. भाजायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायचं, एवढंच. आणि ताटात उरलेला कच्चा मसाला सॉसमध्ये ढकलायचा नाही, तो कच्च्या मटणाला लागलेला असतो.

सॉस

हा सॉस आठवड्याच्या मधल्या दिवशी करून ठेवला तर उत्तम, दोन-तीन दिवसांनी त्याची चव एकजीव होते. अमेरिकेत बार्बेक्यू सॉसचे पण प्रांत आहेत, कॅन्सस सिटीकडे टोमॅटो आणि मोलॅसिसचा घट्ट गोड सॉस, नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्वेकडे नुसता व्हिनेगर-मिरचीचा पातळ. मी जो करते तो कॅन्सस सिटीच्या जवळचा, पण मोलॅसिस कुठे शोधत बसणार, आणि शोधायची गरजच नाही, कारण आपल्याकडे काकवी आहे. उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधीची ती दाट, तांबूस काकवी, लहानपणी चपातीबरोबर खायचो ती. कोल्हापूरकडून आलेली बाटली आता वाण्याकडे सहज मिळते. मोलॅसिसचा कडवटपणा तिच्यात नाही, पण ती खोल भाजकी गोडी आहे, आणि कोळशावर ती फार सुंदर चकाकते.

अर्धा किलो पिकलेले लाल टोमॅटो गॅसच्या जाळीवर थेट भाजायचे, साल काळी होऊन फाटेपर्यंत, वांगं भाजतो तसे. साल काढून मिक्सरला फिरवायचे. सहा बेडगी मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बिया काढून बारीक वाटायच्या, बेडगी रंग देते आणि तिखटपणा कमी. कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात एक मध्यम कांदा किसून, हो किसूनच, चिरलेला कांदा सॉसमध्ये तुकडे-तुकडे लागतो. तो बदामी होईपर्यंत परतायला दहा मिनिटं लागतात, घाई करू नका, कच्च्या कांद्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग आठ लसूण पाकळ्या ठेचून, मिनिटभर, मग मिरचीचं वाटण तेल सुटेपर्यंत, मग टोमॅटो.

आता यात पाच मोठे चमचे काकवी, दोन मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर, दोन मोठे चमचे कोकम आगळ, एक छोटा चमचा मोहरीची पूड, अर्धा छोटा चमचा मिरीपूड, आणि दगडफुलाची एक छोटी चिमूट, तव्यावर कोरडी भाजून चुरडलेली. दगडफूल मी गोड्या मसाल्यातून उचललंय. त्याला स्वतःचा एक मातकट धुरकट वास असतो, गरम तेलात किंवा तव्यावरच तो जागा होतो, आणि तयार सॉसमध्ये लिक्विड स्मोक म्हणून बाटलीतलं काहीतरी घालतात त्यापेक्षा मला हा कितीतरी आवडतो. चिमूटच घाला, जास्त झालं तर कडू होतं. आगळ खारट असतो, त्यामुळे मीठ आत्ता अजिबात नाही, सॉस आटल्यावर चाखून.

काकवी नसेल तर पंचाहत्तर ग्रॅम गडद रंगाचा गूळ. पिवळाधम्मक गूळ नको. आगळ नसेल तर आठ-दहा आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात भिजवून ते पाणी. चिंचेनं पण होतं, पण मग सॉस आंबट-गोड चटणीकडे झुकतो, भेळेची आठवण येते, कोकमचा आंबटपणा वेगळा, स्वच्छ, आणि मटणाच्या चरबीला तो जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे.

मंद गॅसवर झाकण अर्धवट ठेवून तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये मध्ये ढवळत, कारण काकवीमुळे तळाला लागतं. झालं की नाही बघायला थंड बशीत चमचाभर सॉस टाकून मधून बोट ओढा, रेघ तशीच राहिली तर झाला, दोन्ही बाजूंनी वाहून भरली तर अजून पाच मिनिटं. गार झाल्यावर पुन्हा मिक्सर आणि हवं तर चाळणीतून गाळून काचेच्या बरणीत. वाटी-दीड वाटी होतो. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस छान राहतो. अ‍ॅल्युमिनियमची कढई यासाठी वापरू नका, आंबट पदार्थ तिला खातो आणि सॉसला धातूची चव येते.

जागा, शेगडी, कोळसा

फ्लॅटच्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका, खिडक्या उघड्या असल्या तरी नाही, आणि बंद खोलीत तर विचारही नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत चक्कर येते. सोसायटीची गच्ची असेल तर आधी कमिटीला विचारा आणि शेगडीखाली विटांचे दोन थर घाला, नाहीतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग उष्णतेने फाटतं आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावाल्यांच्या घरात गळती. ठाण्यातले बरेच जण येऊरला जायचं म्हणतात, पण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथे जंगलात आग पेटवायची नाही, हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते.

आम्ही बेलापूरला मावशीकडे करतो, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरिया यांनी त्या वसाहतीची रचना करताना घरांना मोकळी अंगणं ठेवली, त्या अंगणात जांभ्या दगडावर आमची शेगडी बसते. दिवस निवडायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारीतला. पावसाळ्यात कोळसा हवेतलं पाणी पिऊन बसतो, पेटतो पण धूर करतो आणि तडतडतो. तरी करायचंच असेल तर आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा. आणि संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो, शेगडीचं तोंड वाऱ्याकडे असेल तर निखारे फुलत जातात आणि मंद आच मंद राहत नाही, म्हणून एका बाजूला पत्रा उभा करते.

झाकणवाली केटल ग्रिल असेल तर सोपं. नसेल तर अर्धा कापलेला लोखंडी ड्रम किंवा लोहाराकडून करून घेतलेली लांबट शेगडी, वर जाळी, आणि झाकण म्हणून मोठं लोखंडी घमेलं उपडं. आमचं तीन वर्षं तसंच चाललंय. फक्त जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पत्रा आत वापरू नका, तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो, आणि नवीन घमेल्याला रंग असेल तर आधी एकदा रिकामं कडक तापवून रंग जाळून घासून घ्या.

कोळसा लाकडी हवा, दगडी कोळसा चालत नाही. एकूण अडीच-तीन किलो लागतो. पेटवायला रॉकेल अजिबात नको, वास मटणात उतरतो. नारळाच्या दोन-तीन करवंट्या, थोडी वाळलेली शेंडी आणि कापराच्या चार वड्या, वर कोळसा रचायचा, करवंटी जोरात पेटते आणि कोळसा धरतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कोळशावर राखाडी-पांढरा थर आला, आतून लाल दिसला आणि ज्वाळ खाली बसली की तयार. धुरासाठी आंब्याच्या वाळलेल्या लाकडाचे मुठीएवढे दोन तुकडे. पेरूचं लाकूड पण छान. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, फर्निचरचे तुकडे कधीच नाहीत.

भाजणं

आठ वाजता जेवायचं असेल तर पाच वाजता कोळसा पेटवा.

साडेपाचपर्यंत निखारे तयार होतात. ते सगळे शेगडीच्या एका बाजूला ढकलायचे आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी. रिकाम्या बाजूला खाली स्टीलचं ताट ठेवून त्यात दोन पेले पाणी. या ताटाने दोन कामं होतात, चरबी त्यात ठिबकते म्हणजे निखाऱ्यावर पडून भडका होत नाही, आणि पाण्याच्या वाफेने आतली आच एकदम चढत-उतरत नाही. मटणाची पट्टी या पाण्याच्या वर, जाळीवर, हाडाची बाजू खाली, आणि जाड कडा निखाऱ्यांकडे. आंब्याचा एक तुकडा निखाऱ्यावर, झाकण बंद.

आतली आच १४०-१५० डिग्री हवी. थर्मामीटर नसला तर मटण ठेवलंय त्या बाजूला जाळीच्या वर हात धरून बघा, आठ-दहा सेकंद सहन झाला तर बरोबर, चार-पाच सेकंदांत ओढावा लागला तर जास्त आहे, दोन-तीन निखारे बाहेर काढा. घमेल्याची एक कड विटेच्या तुकड्यावर किंचित उचलून ठेवली की हवा खेळते, जास्त आच हवी तर जास्त उचलायची, कमी हवी तर खाली टेकवायची. पहिल्या वेळी याचा अंदाज यायला अर्धा तास जातो, नंतर हाताला कळतं.

पहिला सव्वा तास काही करायचं नाही. लोकांचा हात शिवशिवतो, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघतात, आणि प्रत्येक वेळी आतली सगळी उष्णता जाते आणि वेळ वाढतो. मी फक्त एकदाच उघडते, चाळीस मिनिटांनी, तेव्हा पट्टी फिरवून दुसरी कड निखाऱ्यांकडे, आठ-दहा पेटलेले नवे कोळसे घालायचे आणि आंब्याचा दुसरा तुकडा. नवे कोळसे बाजूला छोट्या शेगडीत किंवा गॅसवर पेटवून मगच घाला, कच्चा कोळसा थेट टाकला तर त्याचा जड काळा धूर मटणाला लागतो. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे, पांढरा जाड धूर म्हणजे हवा कमी पडतेय, झाकण जरा उचला.

बीफच्या बरगड्यांना असे सहा-आठ तास देतात कारण त्यांच्यावर मांसाचा दोन-अडीच इंचाचा थर असतो. बोकडाची बरगडी पातळ, तिला तितका वेळ उघडी ठेवली तर वाळून काटकी होईल, म्हणून सव्वा तासानंतर तिला गुंडाळायचं. दोन थर जाड फॉइल, त्यावर पट्टी, वरून दोन मोठे चमचे पाणी आणि एक मोठा चमचा तूप किंवा लोणी, घट्ट पुडी करून परत त्याच जागी. आता आत वाफ कोंडते आणि ते चिवट पडदे विरघळायला लागतात. पाऊण तास ते एक तास. फॉइल नको असेल तर केळीच्या पानात गुंडाळून वर एकच थर फॉइल, पानाचा वास येतो आणि मावशीला तसंच आवडतं, मला दोन्ही आवडतं.

झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही, हाड सांगतं. पुडी उघडून बघा, बरगडीच्या टोकाला मटण आकसून अर्धा-एक सेंटीमीटर हाड उघडं पडलं पाहिजे. मधलं एक हाड धरून हलकंच पिळा, ते सैल वाटलं आणि मटण फाटायला लागलं तर झालं. दाभण किंवा सळई दोन हाडांमध्ये घालून बघा, लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. थर्मामीटर असेल तर जाड भागात ९० ते ९३ डिग्री. ७० डिग्रीला मटण शिजलेलं असतं, खायला सुरक्षित असतं, पण मऊ नसतं, तिथे थांबू नका. चिवट लागलं तर पुडी बंद करून अजून वीस मिनिटं, पाहुणे थांबतील, तोवर त्यांना कांदाभजी द्या.

पुडीत साठलेला रस सांडू नका, वाटीत काढा. त्यातला दोन-तीन चमचे सॉसमध्ये मिसळायचा.

सॉस लावायची वेळ

आता आच बदलायची. निखारे जाळीखाली थोडे पसरवा, आणखी एक मूठभर पेटलेले कोळसे घाला, हात तीन-चार सेकंदच सहन होईल इतकी आच हवी. सॉस कोमट करून घ्या, फ्रीजमधला थंड सॉस मटणाला पकडत नाही, घसरतो. ब्रशने पातळ हात, हाडाच्या बाजूला आधी, ती बाजू खाली करून दोन-तीन मिनिटं, मग उलटवून मटणाच्या बाजूला. सॉस बुडबुडायला लागतो, कडांना गडद होतो आणि चिकट चकाकी येते, तेव्हा परत एक पातळ हात. असे तीन हात, एकूण दहा-बारा मिनिटं. एकदम जाड थर लावला तर वरचा जळतो आणि खालचा कच्चा ओला राहतो, तीन पातळ थरांचं जे वार्निश होतं ते एका जाड थराने होत नाही. या वेळी शेगडी सोडून जायचं नाही, फोन पण घ्यायचा नाही, एका मिनिटात काळं होतं.

काढून लाकडी फळीवर दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग उलटी करून, हाडं वर दिसतील अशी, दोन हाडांमधून धारदार सुरी. उरलेला सॉस वाटीत बाजूला, पण ज्यात ब्रश बुडवला तो नाही, आधीच वेगळा काढून ठेवलेला.

आमच्याकडे याच्याबरोबर तांदळाची भाकरी, लिंबू पिळलेला कच्चा कांदा आणि दह्यातली काकडी. मका मिळाला तर निखाऱ्यावर त्याच वेळी भाजून घेते. ब्रेड, बटाट्याचे चिप्स वगैरे करून बघितलं पण भाकरीने तो सॉस जसा पुसून खाता येतो तसा कशानेच नाही.

शेगडी नसेल तर

घणसोलीला माझी मैत्रीण दहाव्या मजल्यावर राहते, गच्ची मिळत नाही, तिच्यासाठी हे दोन प्रकार. ओव्हन किंवा ओटीजी असेल तर मसाला लावलेली पट्टी ट्रेमध्ये, थोडं पाणी, वर फॉइल घट्ट, १५० डिग्रीवर पावणेदोन ते दोन तास, मग फॉइल काढून सॉस लावून फक्त वरचा रॉड चालू ठेवून पाच-सात मिनिटं, दोनदा. नुसता कुकर असेल तर पट्टीचे तीन-तीन हाडांचे भाग करून तळाला जेमतेम अर्धी वाटी पाणी, जाळीवर मटण, एक शिट्टी आणि मग मंद गॅसवर पाच-सात मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्यायची. पपई या वेळी घालू नका, कुकरमध्ये लगदा होतो. मग जाड बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू रंग येईपर्यंत भाजून सॉस. शेवटी पातेल्यात सगळं ठेवून मधोमध वाटीत पेटता निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण, पाच मिनिटं. निखारा एकच असला तरी खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू. धुंगारने कोळशाची चव पुरती येत नाही, पण जवळ जातं, आणि कुकरच्या तळाशी जे पाणी उरतं ते मिरी-मीठ-लिंबू घालून प्यायला फार छान.

शेगडीवर केलं असेल तर निखारे तसेच सोडून झोपायला जाऊ नका, वरून गार दिसतात आणि आत सकाळपर्यंत धग असते. पाणी हळूहळू शिंपडा, एकदम ओतलं तर वाफ आणि राख अंगावर येते. विझलेले अर्धवट कोळसे उन्हात वाळवून पुढच्या वेळी परत चालतात. हाडं उरतात त्यांना मी दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये टाकते, कांदा, चार मिरी, तमालपत्र, चार शिट्ट्या, आणि त्या धुरकट पाण्यात मसूरची आमटी करते.